‘म्हणे’ आणि साक्ष : सत्य गुन्ह्यांवरील चित्रपट व प्रेक्षकाची भाषा

‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी पडद्यावर उमटली की प्रेक्षकाची चित्रपटाकडे पाहण्याची रीत त्याच क्षणी बदलते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. बदलते म्हणजे नेमके काय होते, याचा विचार मात्र मराठीत फारसा झालेला नाही. भीषण गुन्ह्यांवरील चित्रपटांविषयी जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते : असे चित्रपट दाखवावेत की नाही, आणि ते पाहून तरुण बिघडतात की नाही. यांपैकी पहिला प्रश्न अभ्यवेक्षण मंडळाचा आहे आणि दुसरा पालकांचा व पोलिसांचा. या दोहोंहून वेगळा असा तिसराही एक प्रश्न संभवतो. चित्रपटगृहातून बाहेर पडलेला माणूस जे पाहिले त्याविषयी कोणत्या वाक्यरचनेत बोलतो? मनात काय उमटले हे कळण्यास मार्ग नाही. ते वाक्यात कसे उतरले हे मात्र ऐकता येते, आणि भाषेच्या अभ्यासकास तेवढे पुरेसे आहे.

या दृष्टीने सोलापूर हे मोठे सोयीचे गाव आहे. येथे एकाच पेठेत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी या चार भाषा रोज एकमेकींच्या कानावर पडतात, आणि या चारही भाषांत ऐकीव गोष्ट सांगण्याची तऱ्हा एकच आहे. मराठी माणूस ‘आला म्हणे’ म्हणतो. कानडीत क्रियापदाच्या अखेरीस ‘अंते’ जोडतात, तेलुगूत ‘अट’, आणि दखनी बोलणारा ‘आया कते’ म्हणून मोकळा होतो. वाक्य पूर्ण झाल्यावर शेवटी एक लहानसा शब्द किंवा प्रत्यय टाकायचा आणि त्याने मागच्या सगळ्या विधानाची जबाबदारी अनाम अशा दुसऱ्या कोणावर सोपवायची, ही युक्ती द्राविडी आणि आर्य अशा दोन्ही कुळांतील भाषांना येथे सारखीच साधली आहे. मराठीपुरते बोलायचे तर ‘म्हणे’ हे मूळचे क्रियापद. संतांच्या अभंगांतील नाममुद्रेत त्याला कर्ता असतो. तुकोबा किंवा नामदेव स्वतःचे नाव घालून बोलतात आणि बोलल्याबद्दल उत्तरदायी राहतात. बोलीतील ‘म्हणे’चा कर्ता मात्र गळून पडला आहे. कोण म्हणते, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही.

‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटी वस्तुतः या ‘म्हणे’च्या विरुद्ध टोकाची आहे. ‘हे ऐकीव नव्हे, हे घडले आहे’, असे ती बजावते. गंमत अशी की तिचा परिणाम बहुधा उलटा होतो. ‘असं खरंच झालं होतं म्हणे’, ‘त्यातला एकजण शेवटी फुटला म्हणे’, ‘ते घर अजून आहे म्हणे’, अशी वाक्ये चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवरच सुरू होतात. पाटीने काढून टाकलेला ‘म्हणे’ प्रेक्षक पुन्हा जागेवर आणून बसवितो. जे डोळ्यांदेखत पाहिले त्याविषयीही तो ऐकीव गोष्टीच्या वाक्यातच बोलतो.

याचे कारण शोधताना अभिनवगुप्ताची आठवण होणे स्वाभाविक आहे. रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने त्याने ‘अभिनवभारती’त सांगितली आहेत. त्यांतील पहिले असंभाव्यतेचे : हे घडणेच शक्य नाही असे वाटले तर प्रेक्षकाचे मन तेथे ठरत नाही. दुसरे विघ्न देशकालाच्या विशेषाचे : हे अमक्याचे, अमक्या ठिकाणचे, अमक्या वेळचे, माझे किंवा परक्याचे, अशा विचारात मन गुंतले तर साधारणीकरण होत नाही. सत्य गुन्ह्यावरील चित्रपटाची पाटी पहिले विघ्न एका फटक्यात दूर करते आणि त्याच फटक्याने दुसरे दारात आणून उभे करते. घटना संभाव्य होते, कारण ती घडून गेली आहे. आणि घडून गेली आहे म्हणूनच ती पुण्याची, मानवतची, १९७६ सालची, म्हणजे दुसऱ्या कोणाची होते. मग प्रेक्षक रसिक राहत नाही, तो चौकशी करू लागतो. न. चिं. केळकरांनी सविकल्प समाधीची जी कल्पना मांडली, तीत वाचक स्वतःचे भान न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. येथे तो शिरतच नाही. दारात उभा राहून घराचा पत्ता विचारतो.

या चौकशीचे ठळक मराठी उदाहरण म्हणजे राजदत्त यांचा ‘माफीचा साक्षीदार’ (१९८६). जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात जे दहा खून झाले आणि ज्यांबद्दल चौघा तरुणांना नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यास फाशी झाली, त्यांवर हा चित्रपट बेतलेला आहे. नाना पाटेकर यांचे त्यातील काम अनेकांच्या स्मरणात आहे, आणि चित्रपटाची अडचणही नेमकी तीच आहे. प्रेक्षक घरी परततो तो मारणाऱ्याचा चेहरा घेऊन. ज्यांना मारले त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा त्याच्याबरोबर येत नाही. नटाच्या सामर्थ्याला दोष देण्याचे कारण नाही. पण पात्रांच्या वाटणीत लेखक-दिग्दर्शकांनी जे माप वापरले त्याबद्दल तक्रार करण्यास जागा आहे.

अर्थात हे माप एकट्या चित्रपटाचे नव्हे. मुळात त्या प्रकरणाचे जे नाव मराठीत रूढ झाले त्यातच ते आहे. ‘जोशी-अभ्यंकर’ हा द्वंद्व समास आहे. त्यात दोन कुटुंबे आली. दहा बळींपैकी पहिला आणि शेवटचा, असे दोघे तरुण या समासात नाहीत. अभ्यंकरांच्या घरी काम करणारी जी स्त्री त्याच रात्री मारली गेली तीही नाही. आडनावांच्या समासात मोलकरणीला जागा कोठून असणार? आणि ज्यांचे नाव समासात आहे त्यांचे तरी काय झाले? काशीनाथ वासुदेव अभ्यंकर म्हणजे महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांचे चिरंजीव, स्वतः महामहोपाध्याय. त्यांचा संस्कृत व्याकरणाचा पारिभाषिक कोश १९६१ साली बडोद्याहून निघाला, परिभाषाग्रंथांचा संग्रह १९६७ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेने छापला. वडिलांनी केलेल्या पातंजल महाभाष्याच्या मराठी भाषांतरास त्यांनी प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड जोडला. व्याकरण शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या कोणाच्याही टेबलावर तो कोश आजही असतो. परंतु ‘अभ्यंकर’ हा शब्द सामान्य मराठी वाचकाच्या कानी पडला तर त्याला कोश आठवत नाही, ‘खून’ हे उत्तरपद आठवते. संपूर्ण आयुष्य शब्दांच्या नेमक्या अर्थासाठी वेचलेल्या माणसाचे नाव अशा रीतीने एका गुन्ह्याचे विशेषण होऊन बसले. चित्रपटाने हे केले नाही, हे खरे. त्याने ते दुरुस्तही केले नाही.

‘माफीचा साक्षीदार’ या शीर्षकाकडेही लक्ष द्यावयास हवे. गुन्ह्यात सहभागी असून ज्याला सत्यकथनाच्या अटीवर क्षमा मिळते तो माफीचा साक्षीदार. त्याने सगळे पाहिलेले असते, तो सगळे सांगतो, आणि शिक्षेवाचून घरी जातो. असल्या चित्रपटाच्या प्रेक्षकाची स्थिती याहून फार निराळी नसते. फरक एवढाच की साक्षीदाराला प्रथमपुरुषी बोलावे लागते. त्याने न्यायालयात ‘असे झाले म्हणे’ म्हटले तर ती साक्ष कामाची नाही. ऐकीव पुरावा कायदा सामान्यतः स्वीकारीत नाही. प्रेक्षकावर तसे कोणतेही बंधन नसते.

‘म्हणे’च्या जोडीला प्रेक्षकाच्या तोंडी आणखी एक रचना वारंवार येते, ती शक्य क्रियापदाची. ‘बघवत नाही’, ‘मला पाहवलं नाही’, ‘माझ्याने ऐकवेना’. या प्रयोगात पाहणारा प्रथमेत नसतो, तो चतुर्थीत किंवा ‘च्याने’ लावून येतो. पाहण्याची क्रिया त्याच्या इच्छेची राहत नाही. ती त्याच्या ठायी घडते किंवा घडत नाही. ‘मी पाहणार नाही’ या वाक्यात निश्चय आहे, निषेधही असू शकतो. ‘मला बघवत नाही’ यात निव्वळ असमर्थता आहे, आणि असमर्थतेला कोणी जाब विचारीत नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ‘बघवत नाही’ म्हणणाराने तीन तास बसून सगळे पाहिलेले असते, आणि पुष्कळदा तो शेजाऱ्यालाही पाहून ये म्हणून सांगतो. येथे त्याच्यावर ढोंगाचा आरोप करावयाचा नाही. ज्या गोष्टीकडे पाहिल्याची किंचित शरम वाटते तिच्याविषयी बोलताना भाषा आपण होऊन त्याला कर्तृपदावरून खाली उतरू देते, एवढेच.

मानवतच्या प्रकरणावर मराठीत दोन कृती झाल्या आणि त्यांच्यामध्ये त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. परभणी जिल्ह्यातील या गावी १९७२ ते १९७४ या काळात लहान मुली व स्त्रिया यांचे जे खून झाले, त्यांमागे गुप्तधनाचा आणि अपत्यप्राप्तीचा अघोरी समज होता. अमोल पालेकर यांनी विजय तेंडुलकरांच्या लेखनावरून ‘आक्रीत’ (१९८१) हा चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून तो त्यांचा पहिलाच. त्यात माणसांची नावे बदललेली आहेत आणि शीर्षकातही गाव नाही. ‘आक्रीत’ हा शब्द खेड्यातील म्हाताऱ्यांच्या तोंडचा. आक्रीत बहुधा ‘घडते’, ते कोणी ‘करीत’ नाही. आणि ही घडण्याची भाषा गावाला किती सोयीची असते हेच त्या नावातून सुचते. याउलट २०२४ साली आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेली मालिका ‘मानवत मर्डर्स’. तपास करणारे अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्या पुस्तकाचा तिला आधार आहे; आशुतोष गोवारीकर यांनी त्यांची भूमिका केली आहे. येथे गावाचे नाव थेट शीर्षकात आले आणि त्याला इंग्रजी बहुवचन जोडले गेले. मालिका नेटकी आहे, तपासाची पायरीन् पायरी त्यात दिसते. पण तपासकथेत गुन्हेगार सापडला की प्रेक्षक निश्चिंत होतो, हा त्या प्रकाराचाच धर्म आहे. शिवाय ती घरी, एकट्याने, हातातल्या दूरध्वनीवर पाहावयाची. बघवत नसेल तेव्हा बोटाने थांबविता येते. मानवतच्या रहिवाशाला मात्र आपल्या गावाच्या नावामागून येणारा शब्द थांबविता येत नाही. खैरलांजी, सोनई, खर्डा, कोपर्डी ही नावेही मराठीत अशीच गावे राहिली नाहीत. ‘दुसरी खैरलांजी होऊ देणार नाही’, या वाक्यात खैरलांजी हे गाव नव्हे, ती घटना आहे.

आता सोलापूर जिल्ह्याच्या स्वतःच्या चित्रपटाकडे वळले पाहिजे. नागराज मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातील जेऊरचे. त्यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्यातील बिटरगाव हे नाव, करमाळ्याच्या कमलादेवी परिसरातील शहाण्णव पायऱ्यांची विहीर आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पात्रांच्या तोंडची बोली, हे सारे याच मातीतले. नायिकेचे काम करणारी मुलगी अकलूजची. हा चित्रपट कोणत्याही एका घटनेवर आधारलेला नाही आणि तसा दावाही करीत नाही. मराठी चित्रपटसृष्टीत तोवर न झालेला शंभर कोटींचा व्यवसाय त्याने केला, लोक गाण्यांना उठून नाचले, काही ठिकाणी मध्यरात्रीही खेळ लागले. आणि तोच प्रेक्षक अखेरीस गप्प झाला. त्या शांततेविषयी इतके लिहिले गेले आहे की ती आता एक आख्यायिका झाली आहे. तरीही तिचे व्याकरण पाहिले गेलेले नाही.

शेवटच्या प्रसंगात मुलीच्या माहेरची माणसे भेटी घेऊन येतात, चहा होतो. खून पडद्यावर दिसत नाही. मृत्यू, युद्ध, नगराचा वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत असा भरताचा दंडक आहे. मंजुळे यांनी तो पाळला आहे, मग तो त्यांच्या मनात असो वा नसो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले लहान मूल परत येते आणि जे घडून गेले आहे ते त्याच्यासमोर पडलेले असते. पडद्यावरचा ध्वनी नाहीसा होतो. रक्तात पाय माखलेले ते मूल रडत दाराबाहेर पडते, पण त्याचे रडणे ऐकू येत नाही. या प्रसंगाचा एकमेव साक्षीदार असा आहे की ज्याला अजून पुरते बोलताही येत नाही. त्याच्यापाशी ‘म्हणे’ नाही, ‘बघवत नाही’ नाही, ‘खून झाला’ आणि ‘खून केला’ यांतला भेद नाही. प्रेक्षकाला त्याच्या शेजारी उभे केले जाते, आणि त्याच्याप्रमाणे प्रेक्षकाचेही शब्द त्या घटकेपुरते काढून घेतले जातात.

पाटी नसल्यामुळे चौकशीलाही वाव राहत नाही. हे कोठे घडले, असे विचारावे तर उत्तर बाहेरच्या रस्त्यावरच आहे. करमाळ्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील खर्डा येथे २८ एप्रिल २०१४ रोजी प्रेमसंबंधाच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला होता. चित्रपट त्या मुलाचा नव्हे. पण या भागातील प्रेक्षकाला ‘असं घडलं म्हणे’ असे म्हणून ही गोष्ट दूरच्या कोणावर टाकता येईना. अभिनवगुप्ताच्या दुसऱ्या विघ्नाचा दुसरा पदर येथे दिसतो. त्याने परगतत्व जसे सांगितले तसे स्वगतत्वही सांगितले आहे; ‘हे माझेच आहे’, या जाणिवेनेही रस मोडतो. ‘माफीचा साक्षीदार’च्या प्रेक्षकाला घटना परक्याची वाटली, ‘सैराट’च्या प्रेक्षकाला ती घरची वाटली. दोन्हीकडे शास्त्रार्थाने रसभंगच. पण या दोन रसभंगांचे मोल सारखे नाही.

घरचे दुःख दाखविणाऱ्यास काय मिळते याची एक जुनी कथा हिरोडोटसने नोंदविली आहे. मायलीटस हे नगर इराण्यांनी जिंकून उद्ध्वस्त केल्यावर फ्रिनिकस नावाच्या अथेन्सच्या नाटककाराने त्यावर नाटक केले. सगळे प्रेक्षागृह रडले. आणि मग अथेनियनांनी, ‘आपल्या घरच्या’ आपत्तीची आठवण करून दिली म्हणून, त्याला हजार द्राख्मे दंड केला व ते नाटक पुन्हा कोणी करू नये असे ठरविले. रडणारे आणि दंड करणारे लोक तेच होते. ‘सैराट’च्या बाबतीतही, शांतता ओसरल्यावर, एका समाजाची बदनामी केली, कोवळ्या मुलांना पळून जाण्याचा धडा दिला, असे आक्षेप जाहीरपणे घेण्यात आले. आक्षेपांतील क्रियापदे पाहण्यासारखी आहेत. ‘केली’, ‘दिला’, ‘बिघडविले’ : येथे प्रयोग कर्तरी असो वा कर्मणी, कर्ता स्पष्ट आहे, आणि तो चित्रपटकार आहे. खुनाविषयी बोलताना जी भाषा कर्ता गाळते, तीच चित्रपटाविषयी बोलताना कर्ता हुडकून काढते.

तरुण प्रेक्षकांचा एक शेरा येथे नोंदविण्याजोगा आहे. ‘शेवट लय भारी हाय.’ वडील माणसांना हा शेरा निर्दय वाटतो. परंतु ‘भारी’ या शब्दाचा मूळ अर्थ जड असा आहे आणि ‘उत्कृष्ट’ हा अर्थ त्यावर नंतर चढला आहे. या एका वाक्यात ते दोन्ही अर्थ वेगळे करता येत नाहीत. ‘म्हणे’ आणि ‘बघवत नाही’ यांच्यापेक्षा हा शेरा अधिक प्रामाणिक मानावा लागेल, कारण त्यात बोलणारा कोठेही लपत नाही.

या शांततेचे फार कौतुकही करू नये. ती टिकली नाही. त्याच चित्रपटातील नाचाचे गाणे गेली कित्येक वर्षे या जिल्ह्यातील लग्नाच्या वरातींत वाजते आहे. ज्या वरातींत ते वाजते त्यांतील बहुतेक लग्ने पत्रिका आणि पोटजात पाहून ठरलेली असतात. गाणे आणि शेवट यांची फारकत प्रेक्षकांनी सहज करून टाकली. ‘मनसु मल्लिगे’ (२०१७) या नावाने चित्रपट कानडीत गेला, ‘धडक’ (२०१८) होऊन हिंदीत गेला. हिंदीत जाताना तो उदयपूरला पोहोचला आणि मारल्या जाणाऱ्यांची यादीही बदलली. करमाळ्याच्या बोलीत जे घरचे होते ते तेथे पुन्हा दूरदेशीचे झाले.

खर्ड्याचा खटला अहमदनगरच्या सत्र न्यायालयात चालला. अनेक साक्षीदार फितूर झाले, म्हणजे आधी पाहिले म्हणणाऱ्यांनी पाहिले नाही असे सांगितले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. तोवर ‘सैराट’ प्रदर्शित होऊन दीड वर्ष उलटले होते, आणि त्या परिसरात तो न पाहिलेला माणूस सापडणे कठीण होते. त्या मुलाविषयी आजही तेथे विचारले तर उत्तर येते ते ‘खून झाला’ असे. ‘अमक्याने केला’ असे वाक्य त्या निकालानंतर कोणाला उच्चारता येत नाही.